जुन्या नाशकाचे फोटो: कुठे उभं राहायचं, काय लिहायचं, काय पाठवायचं नाही

नाशिक फिरून आलेल्या माणसाचा फोन हातात घेतला की बहुतेक वेळा तेच दिसतं. रामकुंडाचं पाणी, काळारामाचा कळस, मिसळीची प्लेट आणि पाठोपाठ दीडशे फोटो, ज्यांतला कुठला दगड कुठल्या देवळाचा हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. असे फोटो पाठवले की समोरून एक अंगठा येतो आणि विषय संपतो. बघणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत, कोणत्या बाजूला तोंड करून बघतोय हे कळलं, तरच तो दुसऱ्या फोटोकडे जातो. म्हणून या लेखात कॅमेऱ्यापेक्षा दिशा, वेळ आणि ओळींवर जास्त भर आहे. फोन कुठलाही चालेल.

आधी नदीची दिशा समजून घ्या

गोदावरी पूर्वेकडे वाहते हे शाळेत शिकलेलं असतं, पण रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळते. त्यामुळे इथे पंचवटी नदीच्या पूर्वेला येते आणि जुनं नाशिक, म्हणजे सराफ बाजार, भांडी बाजार, तिवंधा, भद्रकाली हा भाग, पश्चिमेला. घाटावरच्या प्रकाशाचं सगळं गणित या एका वळणावर ठरतं.

सकाळी सूर्य पंचवटीच्या मागून वर येतो. जुन्या नाशकाच्या काठावर उभं राहून पंचवटीकडे फोन धरला, तर देवळांच्या फक्त काळ्या आकृत्या मिळतील. धुकं असेल तर त्या सुंदर दिसतात, पण नक्षी दिसणार नाही. नक्षी हवी असेल तर सकाळी पंचवटीच्या काठावर जा आणि पश्चिमेकडे बघा. संध्याकाळी उलट करायचं. नारोशंकराचं देऊळ पंचवटीच्या बाजूला आहे, त्यामुळे त्याचा नदीकडचा कोट आणि त्यावरची घंटा संध्याकाळच्या उन्हात पश्चिम काठावरून छान उजळते. सुंदरनारायण पश्चिम काठावर, अहिल्याबाई होळकर पुलाच्या टोकाशी आहे आणि त्याचं तोंड पूर्वेला आहे. तिथे सकाळीच जायला हवं.

जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मेअखेरीस सहाच्या आसपास. उगवल्यापासून पहिला तास-दीड तास चांगला. त्यानंतर काळ्या दगडावरची सावली इतकी गडद होते की कोरीवकामाची खोली दिसेनाशी होते. नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे नदीवर वाफ तरंगते, तीही ऊन चढलं की विरते. म्हणजे हॉटेलात नाश्ता करून नऊला निघण्यात अर्थ नाही. आधी गंगेवर जा, पोहे नंतर. (नाशिककर गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात. रिक्षावाल्याला ‘गंगेवर सोडा’ म्हटलं की पुरतं.)

चालण्याचा क्रम

पहिल्या खेपेला हा रस्ता धरा, दोन-अडीच तासांत होतो. सुरुवात अहिल्याबाई होळकर पुलावरून. इथून घाटाचा संपूर्ण विस्तार एका फोटोत येतो आणि पुढचे सगळे फोटो बघणाऱ्याला त्या नकाशात बसवता येतात. पुलाला लागूनच सुंदरनारायण. मग पूल ओलांडून पंचवटीच्या बाजूने खाली रामकुंड, तिथून दुतोंड्या मारुती, नारोशंकर आणि वर गल्लीतून काळाराम. परत येताना रामसेतू पुलावरून पश्चिम काठाला या आणि सराफ बाजारातल्या सरकारवाड्याकडे चढा. नारोशंकराचा चांगला फोटो मात्र संध्याकाळी पुन्हा येऊन.

बुधवारी गेलात तर घाटावर आठवडे बाजार भरलेला असतो. देवळांचे स्वच्छ फोटो त्या दिवशी विसरा. गावाचे फोटो हवे असतील तर मात्र बुधवारसारखा दुसरा वार नाही.

दुतोंड्या मारुतीचा फोटो काढताना तो एकटा काढू नका, शेजारी माणूस किंवा पायऱ्या येऊ द्या. कारण ही मूर्ती नाशकाची पूरपट्टी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरभर एकच प्रश्न विचारला जातो: ‘दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?’ गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, असं उत्तर येतं आणि त्यावरून पूर केवढा ते ठरतं. मूर्तीची उंची फोटोत कळली नाही तर ही सगळी गंमत वाया जाते. पुराचे फोटो काढायचे तर पुलावरूनच काढा. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पाणी वाढलं की कुठली पायरी शेवटची ते दिसत नाही.

काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो

नवख्यांचे सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

फोन असो वा कॅमेरा, समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असावं असं तो गृहीत धरतो. काळारामाची भिंत सगळी चौकट भरून आली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळवतो. मग काळं देऊळ सिमेंटसारखं राखाडी दिसतं. उपाय सोपा आहे: दगडावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा. कॅमेऱ्यात उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ ते उणे १ ठेवा.

शिखराचा फोटो काढताना नेमकं उलटं होतं. चौकटीत आभाळ जास्त येतं, कॅमेरा आभाळाकडे बघून फोटो गडद करतो आणि देवळाचा नुसता डाग उरतो. इथे उजेड वाढवायचा, किंवा आभाळ कमी येईल असं सरकायचं. एकाच देवळाला दोन उलट उपाय लागतात. हे लक्षात आलं की घरी जाऊन डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.

दुसरी चूक तिरप्या खांबांची. देवळाजवळ उभं राहून फोन वर वाकवला की खांब वरती एकमेकांकडे झुकतात आणि शिखर मागे पडल्यासारखं दिसतं. फोन सरळ उभा धरा, खाली फरशी जास्त आली तरी येऊ द्या, नंतर कापता येते. सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावर जाळीच्या रेषा चालू करून घ्या आणि एखादा खांब त्या रेषेला समांतर ठेवा. ०.५ ची रुंद लेन्स कडेचे खांब वाकवते. ती अगदी नाइलाजाने वापरायची. मागे सरकायला जागा असेल तर दहा पावलं मागे जाऊन २ पट झूमवर काढलेला फोटो नेहमी चांगला.

काळारामाच्या आवारात उघडा सभामंडप देवळाच्या पूर्वेला आहे. सकाळी त्याच्या खांबांच्या रांगेतून देवळाकडे बघा, खांबांच्या सावल्या फरशीवर लांब पडलेल्या असतात. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही. सीतागुंफेतही नाही, आणि ती इतकी अरुंद आहे की मनात आलं तरी जमणार नाही.

वाडे आणि गल्ल्या

जुन्या नाशकातले लाकडी वाडे दर पावसाळ्यात कमी होतात. पावसाच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना पालिकेच्या नोटिसा लागतात, काही पडतात, काही पाडले जातात. त्यामुळे इथला साधासुधा फोटोही पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून तो नीट काढा. एका वाड्याचे निदान पाच फोटो घ्या: समोरून पूर्ण, दिंडी दरवाजा, दरवाज्यावरची गणेशपट्टी, खांब आणि तुळई जिथे मिळतात तो कोरीव भाग, आणि आतून परवानगी मिळाली तर चौक.

गल्ली अरुंद असते, मागे सरकता येत नाही. समोरच्या घराच्या ओट्यावर चढून बघा. त्याहून चांगलं म्हणजे समोरच्या माडीवर जाऊ द्याल का, असं विचारणं. अर्ध्या उंचीवरून काढलेल्या फोटोत वाडा झुकत नाही. विचारताना ‘काकू, समोरच्या वाड्याचा फोटो काढायचाय, दोन मिनिटं गच्चीवर जाऊ का?’ असं सरळ विचारावं. कशासाठी ते आधी सांगा. पालिकेचा माणूस किंवा बिल्डरचा माणूस समजून लोक दार लावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

चौकात वरून लख्ख उजेड आणि ओसरीत अंधार, अशी अडचण असते. आभाळ चौकटीत घेऊ नका. एका ओसरीत सावलीत उभं राहून समोरच्या ओसरीचा फोटो काढा. ढगाळ दिवस असेल तर फारच छान.

गल्लीतल्या तारा, गॅस सिलिंडर, उभ्या दुचाक्या फोटोत येतातच. फोनमधल्या खोडरबराने त्या पुसायचा मोह होतो. पुसू नका. ते साधन तारेमागची जागा अंदाजाने भरतं, आणि कोरीव सज्जावर अंदाजाने भरलेली नक्षी म्हणजे खोटी नक्षी.

पांडवलेणी

शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेच्या त्रिरश्मी डोंगरात ही २४ लेणी आहेत. कड्याचं तोंड ईशान्येला असल्यामुळे दुपारचं ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस, दोन्हींपासून ती आडोशाला राहतात. फोटोसाठी याचा अर्थ असा: सकाळी दर्शनी भागावर तिरपं ऊन येतं, दुपारनंतर सगळीकडे एकसारखी सावली. बाहेरच्या नक्षीसाठी सकाळ, आतल्या विहारांसाठी, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांसाठी, दुपार.

शिलालेखांना समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं गायब होतात, कारण खाचेतली सावलीच नाहीशी होते. अक्षर वाचता येतं ते सावलीमुळे. फ्लॅश बंद करा, सोबतच्या माणसाला दुसऱ्या फोनचा टॉर्च भिंतीच्या अगदी कडेला, जवळजवळ समांतर धरायला सांगा, आणि तुम्ही समोरून फोटो घ्या. अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडू घासणं, पाणी मारणं, तेल लावणं हे अजिबात करायचं नाही. दगड खराब होतो आणि पुढच्या माणसाला तो लेख कायमचा अस्पष्ट होतो. तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते; नसेल तर फोन खांबाच्या तळाशी टेकवून दोन सेकंदांच्या टायमरवर काढा, हात हलत नाही.

वेळ कमी असेल तर चार लेणी नीट बघा. क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे, ज्यात तिने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगितली आहे. ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले सहा यक्षही इथेच. क्रमांक १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख. १८ म्हणजे चैत्यगृह, आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं. आणि १९, लहानसं, सातवाहन राजा कण्हाच्या काळातलं. बहुतेक लोक त्याच्यासमोरून तसेच पुढे जातात. १८ च्या दर्शनी भागावर नासिकच्या लोकांच्या दानाचा उल्लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला हेच नाव होतं, याचा हा दगडी पुरावा. शूर्पणखेचं नाक आणि नऊ शिखरं या नावाच्या दोन्ही व्युत्पत्ती कथेतल्या. त्या जरूर सांगा, पण त्यांच्या शेजारी हा लेखही सांगा.

काय टिपायचं नाही

रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला आणि दशक्रियेला येतात. मुंडण केलेला मुलगा, हातात पिंड, समोर गुरुजी: दृश्य म्हणून ते ‘भारी’ असतं आणि म्हणूनच ते काढू नये. ते त्या घरातलं दुःख आहे. स्नान करणाऱ्या बायकांचे, कपडे बदलणाऱ्यांचे फोटो तर नाहीतच, लांबून झूम करूनही नाहीत. भाजीवाले, फुलवाले, तांबट यांना विचारून काढा. काम करणारा माणूस सहसा नाही म्हणत नाही, फक्त त्याच्या गिऱ्हाइकाच्या वेळी विचारू नका. साधू फोटोनंतर पैसे मागू शकतात, ते आधीच ठरवा.

नाशिकरोडला नोटा छापणारा सरकारी छापखाना आणि देवळालीच्या बाजूला लष्कराची हद्द आहे. तिथल्या भिंतींचे, फाटकांचे फोटो काढायचे नाहीत. फलक लावलेले असतात. ड्रोन उडवायचा असेल तर आधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात ती जागा लाल, पिवळी की हिरवी ते बघा. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन म्हणजे कुठेही चालतो, हा गैरसमज आहे. २०२७ चा सिंहस्थ जवळ येईल तसे निर्बंध बदलत राहतील, आणि घाटावर बांबू-पत्रेही दिसतील. ते चुकवत बसू नका. तारीख घालून येऊ द्या.

रंगपंचमीला रहाडी उघडतात. हे जमिनीखालचे पेशवेकालीन दगडी हौद, वर्षभर बुजवलेले असतात आणि त्या दिवशी रंगाने भरून त्यांत उड्या मारल्या जातात. फोटो अप्रतिम मिळतात, फोन वाचत नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा आणि उंच ओट्यावर उभे राहा.

ओळी लिहिणं

जागेवरच लिहा. घरी गेल्यावर तीन देवळांचे खांब एक होतात. दर ठिकाणी फोनवर आवाजात नोंद करा: नाव, कुठल्या दिशेला तोंड करून, किती वाजता, आणि फोटोत न येणारी एक गोष्ट. तांबट आळीत ती ठोक्यांचा आवाज असेल, फुलबाजारात ओल्या झेंडूचा वास.

मग माहिती तीन रंगांत वेगळी करा. कोरलेलं किंवा कागदावर असलेलं, लोक सांगतात ते, आणि तुम्हाला वाटलं ते. उदाहरणार्थ सुंदरनारायण १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलं, ही नोंद. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडतात, हे ‘सांगतात’. दारातून नदी जवळ वाटते, हे तुमचं. तिन्हींना जागा आहे, फक्त मिसळ होऊ देऊ नका.

काही चुका इतक्या पसरल्या आहेत की त्या टाळल्या तरी लेखनाचा दर्जा वाढतो. दगडी देऊळ दिसलं की ‘हेमाडपंती’ लिहू नका. ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री. काळाराम सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. यादवकालीन देऊळ बघायचं तर तीसेक किलोमीटरवर सिन्नरचं गोंदेश्वर आहे, मधलं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान. पांडवलेण्यांचा पांडवांशी संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, देऊळ १७४७ चं. घंटा पोर्तुगीजांकडून वसईच्या विजयानंतर आली, म्हणून ती देवळापेक्षा जुनी. आणि काळारामाबद्दल लिहिताना २ मार्च १९३० ला सुरू झालेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह गाळून पुढे जाऊ नका. ज्या दरवाज्याचा फोटो तुम्ही सहज काढता, तोच तेव्हा बंद होता.

‘नाशिकचं सुंदर मंदिर, मन प्रसन्न झालं’ ही ओळ कुठल्याही गावाला चालते, म्हणून ती बाद. त्याऐवजी असं: ‘नारोशंकर, पश्चिम काठावरून, डिसेंबर, संध्याकाळी साडेपाच. कोटावरची ती घंटा १७२१ ची. खाली पायऱ्यांवर धुतलेल्या गोधड्या वाळत आहेत.’ एवढं पुरतं.

निवड आणि पाठवणी

दीडशेतून बारा ठेवा. आधी सगळे हललेले आणि तेच-तेच काढून टाका, मग एका रात्रीचा अवकाश देऊन पुन्हा बघा. क्रम चालण्याचाच: पुलावरचं लांबचं दृश्य, मग मध्यम अंतर, मग बारकावे, अधूनमधून माणसं. सलग तीन कळस लावू नका.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो आणि नक्षी पुसट होते. ज्याला छापायचाय किंवा जपायचाय त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ आकार राहतो. पण डॉक्युमेंटसोबत फोटो कुठे काढला त्याचं ठिकाणही जाऊ शकतं. कुणाच्या घरातला फोटो असेल तर ते आधी काढून टाका. रानात सुट्या पडलेल्या मूर्ती, वीरगळ यांचं नेमकं ठिकाण तर कुठेच देऊ नका. अशा मूर्ती चोरीला जातात. तालुक्याचं नाव पुरे.

फाइलला नाव देताना ‘आयएमजी ४५२३’ ठेवू नका. वर्ष-महिना-दिवस, ठिकाण, दिशा, क्रमांक, या क्रमाने दिलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. कुणी चूक दाखवली तर मूळ ठिकाणीच ओळ सुधारा. प्रतिसादात केलेली दुरुस्ती पुढे पाठवल्या जाणाऱ्या फोटोबरोबर जात नाही.

ज्यांचे फोटो काढले त्यांना छापील प्रत द्या. ६ बाय ४ इंचासाठी फोटो १८०० बाय १२०० ठिपक्यांचा असला की छपाई स्वच्छ येते. स्टुडिओवाल्याला ‘कापू नका, पांढरी कड ठेवा’ असं आवर्जून सांगा, कारण फोनचा फोटो ४ बाय ३ चा असतो आणि ६ बाय ४ मध्ये बसवताना वरचा कळस किंवा खालचे पाय उडतात. पाठीमागे तारीख आणि गल्लीचं नाव मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. जेल पेनची शाई थप्पीतल्या पुढच्या फोटोवर उमटते.